पहिला क्रमांक हातात असताना : क्वार्टरबॅक निवडावा की हक्क विकावा

१९९८ ते २००४ या सहा वर्षांत अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील सॅन डिएगो चार्जर्स या क्लबपुढे हाच प्रश्न तीनदा आला आणि तिन्ही वेळा क्लबने त्याचे वेगवेगळे उत्तर दिले. १९९८ मध्ये त्यांच्याकडे ड्राफ्टचा, म्हणजे कॉलेजमधील नवे खेळाडू क्लबांनी पाळीने निवडण्याच्या प्रक्रियेचा, तिसरा क्रमांक होता. तो क्रमांक, दुसऱ्या फेरीतील एक हक्क, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क आणि दोन खेळाडू ॲरिझोनाला देऊन ते दुसऱ्या क्रमांकावर सरकले आणि त्यांनी रायन लीफ या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) घेतले. पेटन मॅनिंगला इंडियानापोलिसने आधीच पहिल्या क्रमांकावर नेले होते. लीफने पहिल्या हंगामात गुण मिळवून देणारे, म्हणजे टचडाउनचे, २ पास दिले आणि १५ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला. २००० च्या हंगामात क्लबने १६ पैकी एकच सामना जिंकला. त्या दारुण हंगामामुळे २००१ चा पहिला क्रमांक त्यांच्याकडे आला आणि मायकल विक या क्वार्टरबॅकसाठी आतुर असलेल्या अटलांटाला त्यांनी तो विकला. बदल्यात मिळालेल्या पाचव्या क्रमांकावर त्यांनी लाडेनियन टॉमलिन्सन हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू घेतला आणि त्याच ड्राफ्टमध्ये ३२ व्या क्रमांकावर ड्रू ब्रीस हा क्वार्टरबॅक मिळवला. २००४ मध्ये ईलाय मॅनिंग या क्वार्टरबॅकने आपण सॅन डिएगोकडून खेळणार नाही असे आधीच जाहीर केले होते. तरीही क्लबने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि लगेच न्यू यॉर्क जायंट्सकडे पाठवून फिलिप रिव्हर्स हा दुसरा क्वार्टरबॅक व आणखी काही हक्क पदरात पाडून घेतले.

एका वेळी जास्त मोजून घेतले, एका वेळी विकले आणि एका वेळी घेऊन विकले. या तिन्हींतला मधला व्यवहार मला आजही सर्वांत शहाणपणाचा वाटतो. मात्र ‘विकणे शहाणपणाचे’ हा त्याचा अर्थ नाही. चार्जर्सनी क्रमांक विकला, पण क्वार्टरबॅकचा शोध सोडला नाही, हे त्या व्यवहाराचे खरे मर्म आहे. पुढील सर्व पायऱ्या याच मुद्द्यावर उभ्या आहेत.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी व्यवस्था थोडक्यात सांगतो. आयपीएलच्या लिलावात पैसा असलेला कोणताही संघ कोणत्याही खेळाडूवर बोली लावू शकतो. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते. ३२ क्लब, ७ फेऱ्या, आणि आदल्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली. ही पाळी म्हणजे ‘पिक’, आणि ती मालमत्तेसारखी विकता येते. या लेखात तिला ‘हक्क’ किंवा ‘क्रमांक’ म्हटले आहे. भारतात ज्या शुक्रवारी पहाटे साडेपाचला पहिली फेरी दिसू लागते, त्याच्या कित्येक आठवडे आधी हा निर्णय घेण्याची तयारी सुरू झालेली असते.

पहिली पायरी : आपल्या घरात क्वार्टरबॅक आहे का?

कॉलेजमधील मुलांचे चित्रीकरण पाहण्याआधी आपल्याकडील क्वार्टरबॅकचे मूल्यमापन लिहून काढावे. त्यात तीन गोष्टी हव्यात : त्याचे आरोग्य, त्याच्या करारातील उरलेली वर्षे आणि तो आणखी सुधारेल असे मानायला मैदानावरचा पुरावा. चौथी गोष्ट, म्हणजे त्याला मिळवण्यासाठी आपण पूर्वी काय मोजले होते, ती या कागदावर मुळीच येऊ देऊ नये. ॲरिझोनाने २०१८ मध्ये जॉश रोझनला दहाव्या क्रमांकावर घेतले होते. एका वर्षाने पहिला क्रमांक हाती आला तेव्हा त्यांनी कायलर मरीला निवडले आणि रोझनला मायामीकडे पाठवले. त्या वेळी त्यावर टीका झाली, पण गेलेली किंमत नव्या निर्णयात धरायची नसते हे त्यांनी ओळखले होते.

आरोग्याच्या रकान्याकडे लोक सहसा घाईने पाहतात. २०१२ मध्ये सेंट लुइस रॅम्सकडे सॅम ब्रॅडफर्ड होता, म्हणून त्यांनी दुसरा क्रमांक वॉशिंग्टनला विकला; पुढे २०१३ आणि २०१४ मध्ये ब्रॅडफर्डच्या गुडघ्याला दुखापत झाली. २०१८ मध्ये इंडियानापोलिसकडे अँड्र्यू लक होता, म्हणून त्यांनी तिसरा क्रमांक न्यू यॉर्क जेट्सना दिला आणि सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन हा पुढच्या फळीतला उत्कृष्ट खेळाडू मिळवला. व्यवहार उत्तम होता. परंतु दुखापतींनी थकलेला लक २०१९ च्या ऑगस्टमध्ये वयाच्या २९ व्या वर्षी निवृत्त झाला आणि त्या क्लबला पुढे दरवर्षी नव्या क्वार्टरबॅकच्या शोधात फिरावे लागले. ‘आमच्याकडे आहे’ हे उत्तर देताना ‘तीन वर्षांनीही असेल का’ हा प्रश्न वैद्यकीय पथकाला विचारलाच पाहिजे.

घरात खात्रीचा, तरुण आणि निरोगी क्वार्टरबॅक असेल तर पुढच्या तीन पायऱ्या गाळून सरळ भावाच्या पायरीवर जावे. नसेल, किंवा उत्तर ‘कदाचित’ असेल, तर क्रमाने पुढे जावे.

दुसरी पायरी : फोन वाजण्याआधी खेळाडूची प्रत ठरवा

हा क्रम मोडला की निर्णय बिघडतो. समोरून मोठा देकार आला की खेळाडूतले दोष अचानक ठळक दिसू लागतात, आणि देकार आला नाही की तोच खेळाडू असामान्य वाटू लागतो. म्हणून जनरल मॅनेजर, हेड कोच आणि स्काउट (खेळाडू पारखणारा) यांनी एकमेकांशी बोलण्याआधी आपापली प्रत स्वतंत्रपणे लिहावी आणि मगच एकत्र बसावे.

लिहिताना कॉलेजमधील सुरुवातीच्या संघातून खेळलेल्या सामन्यांची संख्या प्रथम पाहावी. मिच ट्रबिस्की २०१७ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेला तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाकडून सुरुवातीच्या संघात तो फक्त १३ सामने खेळला होता. २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलेल्या ट्रे लान्सचे असे १७ सामने होते आणि साथीच्या वर्षात, म्हणजे २०२० मध्ये, तो केवळ एक सामना खेळला होता. थोड्या सामन्यांचा खेळाडू वाईट असतोच असे नाही. परंतु आपल्याला त्याच्याविषयी कमी माहिती आहे आणि तरी किंमत मात्र पूर्ण माहितीची मोजायची आहे, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर आकड्यांमागचे चित्र पाहावे. दबाव आल्यावर त्याचे पाय काय करतात? पहिला पर्याय बंद झाला की नजर दुसऱ्याकडे जाते की तो लगेच पळू लागतो? दबाव आलेल्या किती खेळींत तो चेंडूसकट पाडला जातो? पाडले जाण्याची सवय कॉलेजमधून व्यावसायिक खेळात बरोबर येते, असे मी अनेक खेळाडूंच्या बाबतीत पाहिले आहे. पूर्ण झालेल्या पासांची टक्केवारी एकटी पाहू नये : वायोमिंगमधील जॉश ॲलनची कारकिर्दीतली टक्केवारी ५६ च्या आसपास होती आणि त्यामुळे अनेकांनी त्याच्यावर काट मारली होती. बफेलोने मात्र २०१८ मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतले आणि तो या पिढीतील श्रेष्ठ क्वार्टरबॅकांपैकी एक ठरला. त्याच्या आसपास कोण खेळत होते, झेल घेणारे कसे होते, पुढची फळी किती वेळ टिकत होती, याची नोंद टक्केवारीच्या शेजारी हवी.

चाचण्यांना त्यांच्या जागीच ठेवावे. २०२३ च्या ड्राफ्टपूर्वी सी. जे. स्ट्राउडला एका आकलनचाचणीत कमी गुण मिळाल्याच्या बातम्या पसरल्या होत्या. ह्यूस्टनने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि त्याने त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू हा सन्मान मिळवला.

शेवटी खात्रीची परीक्षा. संशोधक केड मॅसी आणि अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांनी ड्राफ्टचा अभ्यास केला तेव्हा त्यांना आढळले की एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला अधिक चांगला ठरण्याचे प्रमाण जेमतेम ५२ टक्के होते. म्हणजे नाणेफेकीहून किंचित बरे. म्हणून ‘हा मुलगा चांगला आहे का’ एवढेच विचारू नये. ‘याच्यात आणि यंदाच्या पुढच्या दोन क्वार्टरबॅकांत एवढे अंतर आहे का, की ते आम्ही शपथेवर सांगू’ असे विचारावे. तिघांच्या स्वतंत्र कागदांवर एकच नाव सर्वांत वर आणि बरेच अंतर राखून असेल, तर मी विकण्याच्या विरुद्ध आहे, समोरचा देकार कितीही मोठा असो. नावे वेगवेगळी असतील, तर ती मतभिन्नता हीच सर्वांत मोलाची माहिती आहे आणि ती चर्चेत विरघळू देऊ नये.

तिसरी पायरी : पगाराचे गणित

क्लब आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०११ च्या कामगार-कराराने या प्रश्नाचे अर्थकारण बदलले. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता आणि त्यातील ५ कोटी हमीचे होते. पुढच्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे २.२ कोटी मिळाले. चुकीच्या निवडीची आर्थिक शिक्षा एका वर्षात अशी आकसली, आणि बरोबर निवडीचे बक्षीस वाढले.

अलीकडची तुलना पाहावी. २०२४ मध्ये प्रत्येक क्लबला पगारावर खर्च करण्याची मर्यादा २५.५४ कोटी डॉलर होती. त्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या केलेब विल्यम्सचा चार वर्षांचा करार सुमारे ३.९५ कोटींचा, म्हणजे वर्षाला सरासरी एक कोटीच्या आत. त्याच वर्षी डॅलसने डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सरासरी ६ कोटी देण्याचे मान्य केले. उरणाऱ्या पैशात पुढची फळी, बचावपटू, झेल घेणारे असे चार-पाच उत्तम खेळाडू येतात. पहिल्या फेरीतील खेळाडूच्या बाबतीत करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा पर्यायही क्लबकडे असतो. मात्र तो वापरायचा की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर ठरवावे लागते, आणि चांगल्या खेळाडूशी नव्या कराराची बोलणीही त्याच सुमारास सुरू होतात. त्यामुळे स्वस्ताईचा खरा काळ चार वर्षांचा धरावा.

एका गोष्टीची मात्र जाणीव ठेवावी. २०२५ च्या फेब्रुवारीपर्यंतचा हिशेब पाहिला, तर पहिल्या क्रमांकावर निवडला जाऊन ज्या क्लबने निवडले त्याच क्लबला सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून देणारा शेवटचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता, आणि तो विजय २००६ च्या हंगामातला. ईलाय मॅनिंग आणि मॅथ्यू स्टॅफर्ड हेही पहिल्या क्रमांकाचेच, परंतु ते दुसऱ्या क्लबसाठी जिंकले. पैसा वाचला म्हणून संघ आपोआप उभा राहत नाही.

चौथी पायरी : हा मुलगा कुठे येणार आहे?

ज्या क्लबला पहिला क्रमांक मिळतो तो बहुधा मोडकळीला आलेला असतो, आणि निवडलेल्या मुलाला त्याच मोडकळीत उभे राहायचे असते. २००२ मध्ये नव्यानेच लीगमध्ये उतरणाऱ्या ह्यूस्टनने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच हंगामात तो ७६ वेळा पाडला गेला. २०२४ मध्ये विल्यम्स ६८ वेळा पाडला गेला, आणि शिकागोने हंगामाच्या मध्यावर आक्रमणाचा प्रशिक्षक व त्यानंतर हेड कोच दोघांनाही काढले. कॅरोलायनाने २०२३ मध्ये ब्राइस यंगसाठी मोठी किंमत मोजली आणि ज्या हेड कोचकडे त्याला सोपवले होते त्याला ११ सामन्यांनंतर घरी पाठवले. अशा मुलाचे पुढचे मूल्यमापनही गढूळ होते : तो कमी पडला की त्याला कमी पाडले गेले, हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

म्हणून मालकाला स्पष्ट विचारावे की हा हेड कोच किमान दोन हंगाम नक्की राहणार आहे का. उत्तर टाळले गेले, तर आधी प्रशिक्षकाचा निर्णय करावा आणि मगच क्वार्टरबॅकचा. पुढच्या फळीत निदान तीन भरवशाचे खेळाडू नसतील, तर एक अनुभवी क्वार्टरबॅक आणून नव्या मुलाला काही काळ बसवून ठेवण्याची तयारी हवी. पॅट्रिक महोम्सने २०१७ चा जवळजवळ संपूर्ण हंगाम ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून काढला आणि फक्त शेवटचा सामना खेळला.

पाचवी पायरी : भाव कसा काढावा

१९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलसचे हेड कोच जिमी जॉन्सन यांच्या काळात तयार झालेला तक्ता आजही बोलण्यांचा पाया म्हणून वापरला जातो. त्यात पहिल्या क्रमांकाला ३००० गुण, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, नवव्याला १३५० आणि ३२ व्याला ५९० गुण आहेत. ज्यातून यंग कॅरोलायनाकडे गेला तो २०२३ चा शिकागो–कॅरोलायना व्यवहार त्यावर मांडून पाहू. शिकागोने ३००० चा पहिला क्रमांक दिला. त्यांना मिळालेला नववा क्रमांक १३५० चा आणि ६१ वा २९२ चा, बेरीज १६४२. उरलेला १३५८ गुणांचा खड्डा २०२४ चा पहिल्या फेरीचा हक्क, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा हक्क आणि डी. जे. मूर हा झेल घेणारा तयार खेळाडू यांनी भरला.

भविष्यातला हक्क साधारणपणे एक फेरी खालचा समजून मोजण्याची रूढी आहे. विकणाऱ्याने ही रूढी बोलण्याच्या टेबलावर खुशाल मान्य करावी, पण मनात मात्र खरेदी करणारा क्लब पुढच्या वर्षी किती हरेल याचा अंदाज बांधावा. कॅरोलायना २०२३ मध्ये १७ पैकी २ सामने जिंकली आणि शिकागोच्या हातातला तो हक्क थेट पहिला क्रमांक बनला. त्यावरच विल्यम्स आला. २०१२ च्या व्यवहारात रॅम्सना वॉशिंग्टनचे पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क मिळाले, तर त्यातला एक २२ वा निघाला आणि दुसरा चक्क दुसरा. याउलट सॅन फ्रान्सिस्कोने लान्ससाठी मायामीला दिलेले २०२२ आणि २०२३ चे दोन्ही हक्क २९ वे निघाले, कारण तो संघ लान्सविनाही बलवान होता. तात्पर्य, दोन देकार कागदावर सारखे असतील तर दुबळ्या संघाचा देकार घ्यावा.

किती खाली उतरायचे, हाही भावाचाच भाग आहे. आपल्यालाही क्वार्टरबॅक हवा असेल, तर आपल्या आणि नव्या जागेच्या मध्ये किती गरजू क्लब आहेत हे मोजावे. २०२४ मध्ये पहिल्या १२ क्रमांकांत ६ क्वार्टरबॅक गेले, तिथे सहा जागा खाली उतरणे म्हणजे शर्यत सोडणे होते. क्वार्टरबॅक नकोच असेल, तर एक जागा उतरण्याचेही पैसे मिळतात. २०१७ मध्ये शिकागोने केवळ तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला तिसऱ्या फेरीचे दोन आणि चौथ्या फेरीचा एक असे तीन जादा हक्क दिले, आणि सॅन फ्रान्सिस्कोने हवा तोच बचावपटू तिसऱ्यावर निवांतपणे घेतला.

विक्री कधी करावी? मोठे व्यवहार बहुधा मार्चमध्ये होतात. २०१८, २०२१ आणि २०२३ चे वर सांगितलेले तिन्ही व्यवहार मार्चमधलेच. तेव्हा गरजू क्लबांना आपण मागे राहू अशी भीती असते. ड्राफ्टच्या रात्रीपर्यंत थांबल्यास भाव चढू शकतो, पण त्या रात्री एका वैद्यकीय अहवालाने किंवा एका अफवेने ग्राहक नाहीसा होण्याचा धोकाही तेवढाच असतो. एकच गंभीर ग्राहक असेल तर मार्चमध्ये विकावे. दोन किंवा अधिक असतील आणि ते एकमेकांना ओळखून असतील, तरच थांबावे.

सहावी पायरी : मिळालेल्या हक्कांतून क्वार्टरबॅकचा वाटा बाजूला काढा

बहुतेक विक्रेते इथे चुकतात. रॅम्सनी २०१२ च्या व्यवहारातून आलेल्या हक्कांवर अनेक तरुण खेळाडू मिळवले, तरी पुढच्या चार हंगामांत एकदाही ते पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवू शकले नाहीत; अखेर २०१६ मध्ये स्वतःच भरपूर मोजून ते १५ वरून पहिल्या क्रमांकावर चढले आणि जॅरेड गॉफला घेतले. क्लीव्हलँडने २०१६ मध्ये दुसरा क्रमांक फिलाडेल्फियाला विकला, २०१७ मध्ये हाती आलेला १२ वा क्रमांकही ह्यूस्टनला विकला, ज्यावर डेशॉन वॉटसन गेला, आणि त्या हंगामात १६ च्या १६ सामने हरले. ढीगभर हक्क होते, पण चेंडू कोणाच्या हाती द्यायचा हे ठरलेले नव्हते.

बफेलोचे वागणे पाहण्यासारखे आहे. २०१७ मध्ये त्यांनी दहावा क्रमांक कॅन्सस सिटीला दिला आणि त्यावर महोम्स गेला; एवढेच सांगितले तर ती घोडचूक वाटते. परंतु दुसऱ्या वर्षी साठवलेले हक्क खर्चून ते १२ वरून सातव्या क्रमांकावर चढले आणि त्यांनी ॲलनला आणले. म्हणून विक्रीच्या दिवशीच लिहून ठेवावे की मिळालेल्यांपैकी कोणते दोन हक्क येत्या दोन ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅकसाठी राखीव आहेत, आणि ते दुसऱ्या कशावरही खर्च करायचे नाहीत. त्याच ड्राफ्टमध्ये खालच्या फेरीत एखादा पसंतीचा मुलगा असेल, तर त्यालाही घ्यावे. वॉशिंग्टनने २०१२ मध्ये रॉबर्ट ग्रिफिनसाठी पहिल्या फेरीचे तीन हक्क मोजले आणि त्याच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत कर्क कझिन्सला घेतले. ग्रिफिनचा गुडघा २०१३ च्या जानेवारीत गेला, आणि पुढे क्लबचा मुख्य क्वार्टरबॅक कझिन्सच झाला.

सातवी पायरी : दोन वर्षांनी तोच कागद पुन्हा उघडा

पहिल्या पायरीवरचे मूल्यमापन एकदा करून कपाटात ठेवण्यासाठी नसते. २०२३ मध्ये शिकागोने पहिला क्रमांक विकला त्याचे कारण त्यांच्याकडे जस्टिन फील्ड्स होता आणि त्याला आणखी एक हंगाम द्यावा असे त्यांना वाटत होते. कॅरोलायनाच्या पराभवांमुळे २०२४ मध्ये पहिला क्रमांक पुन्हा त्यांच्याच दारात आला, तेव्हा परिस्थिती बदलली होती : फील्ड्सच्या पाचव्या वर्षाचा निर्णय मे महिन्यात घ्यायचा होता, म्हणजे त्याची स्वस्ताई संपत आली होती, आणि समोर चार वर्षांच्या नव्या कराराचा विल्यम्स होता. या वेळी त्यांनी हक्क विकला नाही. मार्चमध्ये त्यांनी फील्ड्सला पिट्सबर्गकडे पाठवले आणि बदल्यात मिळाला केवळ सहाव्या फेरीचा एक सशर्त हक्क. हाच खेळाडू २०२१ मध्ये मिळवण्यासाठी शिकागोने पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क दिला होता. तो आकडा २०२४ च्या कागदावर कुठेही नव्हता, आणि तो तिथे नसणेच योग्य होते.